तुटणारा दरवाजा कोण बनवतं?

(छत्रपती संभाजीनगर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर नाटक शिकवायचे. नटाइतकंच महत्त्व ते विंगेत उभं राहणाऱ्याला द्यायचे. यंदा मी विषय कळवला, ‘वर्षानुवर्षं चाललेल्या गुन्हेकथा-मालिका आणि त्या उभ्या करणारी माणसं’. तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, की स्मृती व्याख्यानाला हा विषय हलका नाही का होणार? मला तो हलका वाटत नाही. जी गोष्ट वीस वर्षं घरोघर पाहिली गेली आणि जिच्यावर आपल्या नाट्यवर्तुळातल्या कितीतरी मुलामुलींची चूल पेटली, ती कशी चालली हे समजून घ्यायला हवं. सरांनी शिकवलेली कितीतरी पोरं त्याच मालिकांच्या सेटवर उभी होती. मीही त्यांतलाच. आधी सहायक म्हणून, मग लेखक म्हणून.

२१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली. २७ ऑक्टोबर २०१८ ला ती थांबली, तेव्हा तिचे १,५४७ भाग झाले होते. २१ डिसेंबर २०२४ पासून ती पुन्हा आली. भाषा हिंदी, वाहिनी देशभरची. पण तिच्या मुळाशी मराठी माती बरीच आहे. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम बँकेत नोकरी करत होते. बँकांच्या नाट्यस्पर्धांतून ते पुढे आले आणि बाळ धुरींनी त्यांना ‘संगीत वरद’मध्ये संधी दिली. सुरुवातीच्या काळात आशुतोष गोवारीकर तिथे इन्स्पेक्टर वीरेंद्र होते. फ्रेडरिक्स साकारणारे दिनेश फडणीस अभिनयाबरोबर काही भागांचं लेखनही करत. ५ डिसेंबर २०२३ ला ते गेले. बातम्यांमध्ये त्यांच्या विनोदी भूमिकेचा उल्लेख झाला, लेखनाचा फार थोड्या ठिकाणी. आजचं माझं बोलणं या न झालेल्या उल्लेखांबद्दल आहे.

आपल्याकडे गुन्हेकथेचा वाचक आधीपासून तयार होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड ही नावं एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या टपरीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे होती. गुरुनाथ नाईकांनी तोच वाचक पुढे सांभाळला. दुसऱ्या बाजूला श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी ‘अर्धसत्य’ची पटकथा लिहिली आणि १९८३ साली खाकी वर्दीतला कोंडलेला माणूस पडद्यावर दिसला. एकीकडे रंजन, दुसरीकडे व्यवस्थेचा दाब. मराठी दूरचित्रवाणीला हे दोन्ही वारसे आयते मिळाले.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. म्हैसमाळच्या मनोऱ्यावरून चित्र आपल्या घरांत यायला लागलं तेव्हा ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्या ओसरीवर अख्खी गल्ली बसायची. त्याच दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागायची. पोलिसांना बोलावण्याचा जो दूरध्वनी क्रमांक, तेच मालिकेचं नाव. त्या मालिकेनं शिवाजी साटम आणि दीपक शिर्के यांना वर्दीत घराघरांत पोहोचवलं. पुढे रमेश भाटकरांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’ आली, मग झी टीव्हीवर हिंदीत ‘कमांडर’. भाटकर हे संगीतकार स्नेहल भाटकरांचे चिरंजीव. गाण्याच्या घरातला मुलगा प्रेक्षकांच्या मनात कायमचा इन्स्पेक्टर होऊन बसला. ‘सीआयडी’चे कर्ते बी. पी. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून मुंबई दूरदर्शनवर बातम्यांचे कॅमेरामन झाले. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच फिल्म इन्स्टिट्यूटचे ते अध्यक्ष झाले. बातमीचा कॅमेरा घटनेच्या ठिकाणी धावत पोहोचतो आणि मिळेल त्या उजेडात काम करतो. त्यांच्या मालिकेची चाल मला त्याच सवयीतून आलेली वाटते. गाडी येऊन थांबली, माणसं उतरली, जागेची पाहणी सुरू.

तुलनेसाठी आता जरा लांब जाऊ. ज्या वर्षी आपल्याकडे ‘सीआयडी’ सुरू झाली त्याच वर्षी, १९९८ च्या ऑक्टोबरात, कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक वाहिनीवर ‘दा विंचीज इन्क्वेस्ट’ सुरू झाली. निर्माता-लेखक ख्रिस हॅडॉक, शहर व्हँकुव्हर, नायक पोलीस नव्हे तर कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूचं कारण शोधणारा अधिकारी. ही व्यक्तिरेखा लॅरी कॅम्पबेल या खऱ्या अधिकाऱ्यावरून घेतली होती. ते आधी पोलिसात, मग प्रांताचे मुख्य कॉरोनर. मालिकेला त्यांनी सल्ला दिला, लेखनातही हात लावला. शहराच्या डाउनटाउन ईस्टसाइड वस्तीत व्यसनानं मरणारी माणसं आणि तिथून बेपत्ता होणाऱ्या स्त्रिया हे या मालिकेचे विषय. २००२ साली हेच कॅम्पबेल व्हँकुव्हरचे महापौर म्हणून निवडून आले. पुढच्या वर्षी त्या वस्तीत व्यसनी माणसांसाठी वैद्यकीय देखरेखीखालचं केंद्र उघडलं. मालिकेमुळे ते उघडलं असं मी म्हणणार नाही. मात्र त्या शहरातला मतदार अनेक आठवडे त्या वस्तीची दुखणी आपल्या दिवाणखान्यात बसून पाहत होता, हे खरं. कॉरोनरचं काम शिक्षा ठरवण्याचं नसतं. माणूस कसा मेला एवढंच त्याला सांगायचं असतं. त्यामुळे त्या मालिकेत कितीतरी प्रकरणं न सुटताच संपतात.

तिथलीच दुसरी मालिका ‘मर्डॉक मिस्टरीज’. मॉरीन जेनिंग्ज यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या टोरांटोत सुरू होणारी. २००८ पासून सुरू आहे. पाचव्या पर्वानंतर पहिल्या वाहिनीनं ती बंद करायचं ठरवलं, तेव्हा सीबीसीनं ती उचलली आणि ती आजवर टिकली. त्या देशात वाहिन्यांना देशी कार्यक्रम दाखवण्याचं बंधन आहे, निर्मात्याला सार्वजनिक निधी आणि करसवलत मिळते, लेखकांची संघटना कराराला बसते. शेजारी अमेरिकेसारखा अवाढव्य बाजार असताना कॅनडाची कथा कॅनडात घडत राहिली, याचं कारण या व्यवस्थेत आहे.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. दूरदर्शनच्या काळात प्रायोजित मालिकेला तेरा भागांची मंजुरी मिळायची. ते संपत आले की मुदतवाढीसाठी दूरदर्शनच्या दिल्लीतल्या कचेरीच्या, मंडी हाउसच्या खेपा. खासगी वाहिन्या आल्या आणि टीआरपीचा आकडा दर आठवड्याला डोक्यावर बसू लागला. अशा वातावरणात वीस वर्षं एक मालिका तग धरते, हे कसं जमलं?

मोठा नट, उत्तम कथा ही नेहमीची उत्तरं आहेत. माझ्या मते खरं उत्तर घडीत आहे. ठरलेला सेट, ठरलेली चमू, एका भागात एक गुन्हा, आणि कथेचा साचा इतका पक्का की नवा दिग्दर्शक सोमवारी आला तरी मंगळवारी शूटिंग सुरू. ही घडी बसवणारी माणसं श्रेयनामावलीत इतक्या वेगानं सरकून जातात की त्यांच्या आईलासुद्धा नाव वाचता येत नाही. दोन-तीन कामं तुम्हाला जवळून दाखवतो.

दरवाजा घ्या. ‘सीआयडी’तला इन्स्पेक्टर दया दार तोडतो हे पोराटोरांना ठाऊक आहे. दयानंद शेट्टी मुळात थाळीफेकीचे खेळाडू, पायाच्या दुखापतीनंतर अभिनयाकडे आले, त्यामुळे खांदा लावला की तो खरा वाटतो. पण दार तुटावं कसं, हे सुताराला ठरवावं लागतं. मी ज्या सेटवर काम केलं तिथले सेटिंगवाले दादा हे काम आदल्या संध्याकाळी करायचे. आतून पोकळ असलेला हलका फ्लश दरवाजा आणायचा. कडी ज्या चौकटीत बसते तिथलं लाकूड काढून त्या जागी मऊ लाकडाची पातळ पट्टी बसवायची. पट्टीला मागून करवतीनं खाच पाडायची, पुढून पॉलिश मारून बाकीच्या चौकटीशी रंग जुळवायचा. बिजागऱ्यांचे स्क्रू मात्र दोनदा तपासून घट्ट करायचे, कारण दार निखळून आत उभ्या असलेल्या नटीवर पडलं तर संपलं. खाच किती खोल, ते समोरचा नट पाहून ठरे. खाच कमी झाली तर खांदा दुखावतो आणि दार हलत नाही. जास्त झाली तर वाऱ्यानं दार उघडतं आणि सगळा तणाव गळून पडतो. रीटेकसाठी तशाच चार पट्ट्या रंगवून वाळत ठेवलेल्या असत. हे दादा कोकणातले, चौथी शिकलेले. त्यांनी कधी पट्टी मोजायला फूटपट्टी घेतल्याचं मला आठवत नाही. अंगठा फिरवून ते सांगायचे, ‘बसला.’ दार एका फटक्यात तुटलं की युनिट टाळ्या वाजवायचं, आणि टाळ्या नटाला मिळायच्या.

दुसरं काम प्रेताचं. सेटवर त्याला ‘बॉडी’ म्हणतात. कोऑर्डिनेटर माणूस पाठवतो, तो शिफ्टभर फरशीवर पडून असतो. दिवे वर तापलेले, फरशी एसीनं गार. वाइड शॉटमध्ये श्वास घेतला तरी चालतो. क्लोजमध्ये पोटाची हालचाल दिसते. म्हणून सहायक दिग्दर्शक त्याच्या कानाशी बसतो, त्यानं श्वास सोडला की हात वर करतो, मगच कॅमेरा सुरू. पापणी थरथरू नये म्हणून डोळे मिटताना बुबुळं खाली वळवायची, हे मला एका मुलानं शिकवलं. तो जालन्याकडचा, युवक महोत्सवात अभिनयाचं पहिलं बक्षीस घेतलेला. पहिली तीन कामं त्यानं बॉडीची केली. चौथ्या वेळी त्याला चहाच्या टपरीवरचा साक्षीदार मिळाला, दोन वाक्यं. ती दोन वाक्यं त्यानं इतकी स्वच्छ टाकली की संवादलेखकानं जागेवर तिसरं वाढवून दिलं. इथल्या नाट्यशास्त्र विभागात सकाळच्या थंडीत त्यानं घेतलेले श्वासाचे व्यायाम कुठे कामी आले पाहा.

लेखकाचं टेबल हे तिसरं. आधी वनलाइन, म्हणजे थोडक्यात गोष्ट, मग पटकथा, मग संवाद. तीन संशयित हवेत, त्यांतला एक प्रेक्षकाला लगेच नकोसा वाटला पाहिजे. प्रत्येक ब्रेकच्या आधी काहीतरी उघडं पडलं पाहिजे. खुनी पहिल्या दहा मिनिटांत एकदा तरी दिसलेला असावा, नाहीतर प्रेक्षक फसवला गेल्यासारखा होतो. हे नियम कुणी लिहून दिलेले नाहीत, टेबलावर बसून अंगात मुरतात. आणि लिहिलेलं तसंच घडेल याची खात्री नाही. बंगल्याला तरणतलाव आहे म्हणून बुडून मृत्यू लिहावा, आणि आदल्या रात्री अकराला प्रॉडक्शनचा फोन यावा की तलाव कोरडा आहे. मग रातोरात बुडालेला माणूस गच्चीवरून पडतो, आणि त्याबरोबर वैद्यकीय पुरावा, साक्षीदाराची जागा, घड्याळ थांबल्याची वेळ, सगळं बदलतं. सकाळी सातला पानं सेटवर हवीत. अशा शाळेतून तयार झालेले लेखक पुढे कुठे गेले ते पाहा. श्रीधर राघवन यांनी ‘सीआयडी’साठी लिहिलं, पुढे ‘खाकी’ आणि ‘पठाण’ लिहिले. रजत अरोरा तिथूनच निघाले आणि ‘द डर्टी पिक्चर’पर्यंत पोहोचले. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे या माणसांची सुरुवात चित्रपटापासून करतात, ते मला पटत नाही.

नाटकवाल्यांना अभिमान वाटावा असा एक दिवस ‘सीआयडी’च्या खात्यावर आहे. ८ ऑक्टोबर २००४ रोजी लोणावळ्यात १११ मिनिटांचा एक संपूर्ण भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित झाला. कट नाही. ७ नोव्हेंबरला तो प्रसारित झाला, विक्रमांच्या पुस्तकात नोंदला गेला. विक्रमापेक्षा मला त्यातली कामाची पद्धत मोलाची वाटते. एकही कट नसेल तर चुकलेलं वाक्य दुरुस्त करायला जागा नसते. प्रत्येकाची एन्ट्री सेकंदाला बांधलेली, ध्वनिवाल्याचा बूम माइक चौकटीबाहेर, त्याची सावलीही बाहेर, आणि कॅमेरा ज्या खोलीतून गेला तिथले कामगार तो परत वळायच्या आत दुसरीकडे. दोन-अडीच तास न थांबता एकमेकांना सांभाळत प्रयोग पुढे नेणं हे संत एकनाथ रंगमंदिरात किंवा तापडिया नाट्यमंदिरात काम केलेल्या कुठल्याही नटाला माहीत असतं. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांनी ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था याच शहरात उभी केली, मकरंद अनासपुरे इथेच घडले. या शहरानं मुंबईच्या पडद्याला जे दिलं त्यात नटांच्या नावांबरोबर ही शिस्तही मोजली पाहिजे.

आता एक बोचरी गोष्ट. या मालिकांवर माझं प्रेम आहे, त्यांच्यावर मी जगलो, म्हणूनच ती बोलणं माझं कर्तव्य समजतो. शेवटच्या प्रवेशात संशयिताच्या थोबाडीत बसते आणि तो घडाघडा कबूल होतो, हा प्रवेश आम्ही शेकडो वेळा लिहिला. कायद्यानं पोलिसांपुढचा असा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहत नाही, हे लिहिणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लिहिला, कारण वेळ संपत आलेली असते आणि थप्पड झटपट असते. तिचा परिणाम मात्र झटपट जात नाही. ठाण्यात मार दिला म्हणजे तपास झाला, असं मानणारा प्रेक्षक आपण घडवला. तीच गोष्ट प्रयोगशाळेची. ‘सीआयडी’तले डॉक्टर साळुंखे नळीत दोन रंग एकत्र करतात आणि मिनिटात निष्कर्ष देतात. नरेंद्र गुप्ता यांनी ती भूमिका फार गोड केली. आपल्या शहरात शासनाची प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. तिथलं काम सावकाश, नोंदींचं, शिक्के मारलेल्या पुड्यांचं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यानं, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं आवश्यक ठरवलं आहे आणि राज्यांना ती व्यवस्था उभी करायला मुदत दिली आहे. या बदलावर एखादी मराठी मालिका का होऊ नये? पुरावा हाताळताना झालेली एक चूक, आणि त्यामुळे न सुटलेलं प्रकरण. व्हँकुव्हरवाल्यांनी अशा न सुटलेल्या प्रकरणांवर सात वर्षं मालिका चालवली.

पैशांबद्दल थोडक्यात सांगतो. टीव्हीच्या धंद्यात मानधन कामानंतर नव्वद दिवसांनी मिळतं, हा रिवाज सगळ्यांना माहीत आहे. एका निर्मितीसंस्थेनं मला त्या नव्वदनंतर आणखी कितीतरी महिने फिरवलं. नाव घेत नाही, कारण तो रिवाज एकट्याचा नाही. एका भागापुरत्या आलेल्या नटाचा करार बहुधा एकरकमी असतो. तोच भाग पुढे वीस वर्षं पुन्हा पुन्हा दाखवला जातो, मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी फिरतो, त्यातलं त्याला काही येत नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं लेखकाला रॉयल्टीचा हक्क दिला. तो प्रत्यक्ष हातात पडावा म्हणून पटकथालेखकांची संघटना अजून झगडते आहे. सुतार, वेशभूषावाले, बॉडी होऊन पडणारी मुलं यांच्यासाठी तेवढंही झालेलं नाही.

आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की आपण काहीच जपलं नाही. दूरदर्शनच्या काळात टेप महाग होती, त्यामुळे जुन्या कार्यक्रमावर नवा चित्रित व्हायचा. कितीतरी मालिका अशाच पुसल्या गेल्या. ज्यांनी ‘एक शून्य शून्य’ पाहिली त्यांच्या आठवणीत ती आहे, अभ्यासकाला सलग पाहायला मिळणं कठीण. कॉलशीट रद्दीत जातात. पटकथेची पानं शूटिंग संपलं की फरशीवर पडलेली असतात, झाडूवाला गोळा करतो. अर्नाळकरांची पुस्तकं तुटक का होईना, संग्राहकांकडे सापडतात. मालिकांच्या बाबतीत तेही होणार नाही. त्या काळातले कॅमेरामन, संकलक, रंगभूषाकार आता सत्तरीच्या पुढे आहेत. प्रदीप उप्पूर, ज्यांनी बी. पी. सिंगांबरोबर ‘सीआयडी’ची निर्मिती केली, ते २०२३ च्या मार्चमध्ये गेले. विचारायची माणसं दर वर्षी कमी होत आहेत.

हे काम मुंबईनंच करावं असं नाही. मुंबईला रोजच्या शूटिंगमधून फुरसत नाही. आपल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, एमजीएममध्ये चित्रपटाचं शिक्षण चालतं, अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवाच्या निमित्तानं दरवर्षी जाणकार मंडळी इथे येतात. एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्यानं प्रबंधिकेऐवजी एका पडद्यामागच्या माणसाची दीर्घ मुलाखत ध्वनिमुद्रित करावी, तिचं लेखी टिपण विभागाच्या ग्रंथालयात ठेवावं, अशी माझी विभागाला जाहीर विनंती आहे. एका वर्गात वीस विद्यार्थी असले तरी पाच वर्षांत शंभर माणसं बोलती होतील. त्याला लागणारा खर्च एका रेकॉर्डरचा आणि रेल्वेच्या तिकिटांचा आहे. त्यातला माझा वाटा मी आज आयोजकांकडे देऊन जातो आहे.

सभागृहात अशी माणसं नक्की असतील ज्यांनी एखाद्या मालिकेत एक दिवस, दोन दिवस काम केलं. कुणी वर्दी इस्त्री केली असेल, कुणी साक्षीदार झालं असेल, कुणी युनिटला जेवण पोहोचवलं असेल. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना तिच्यात आपलं नाव, मालिकेचं नाव, साल आणि केलेलं काम लिहा. घरी जुनी पानं, फोटो, कॅसेट असतील तर टाकू नका. विभागात आणून द्या.